तारा निघाल्या, तरी दात पांढरे करायला मी थांबली ते का

आमच्या इकडच्या बऱ्याच पोरींनी मला एकच गोष्ट विचारली आहे, की ताई तुझे दात आता चांगले दिसतात, तर व्हाईटनिंग तू तारा होत्या तेव्हाच करून घेतलं की नंतर, आणि नंतर केलं तर किती थांबली. फोनवर सांगायला गेली की अर्धं राहून जाते, मधेच नेटवर्क जाते, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून राहिली आहे. मी डॉक्टर नाही, जे माझ्या दातांवर झालं आणि जे माझ्या दाताच्या डॉक्टर मॅडमनं समजावून सांगितलं तेवढंच सांगते. मी तारा लावायच्या आधी व्हाईटनिंग केलं नाही, तारा असताना केलं नाही, आणि तारा निघाल्यावर पण लगेच केलं नाही, आणि तिन्ही वेळेला थांबायचं कारण वेगळं होतं, तेच सांगायचं आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव-पांढरकवड्याकडचं. पऱ्हाटी, तूर, थोडं सोयाबीन. लहानपणापासून पाणी हातपंपाचं. माझा वरचा सुळा बाहेर आला होता, दातावर दात चढला होता, आणि त्याच्यावरून समोरच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे. पट्ट्यांचं काही वाटत नव्हतं कारण वर्गात निम्म्या पोरापोरींना तसेच होते, आम्हाला वाटायचं आमच्या गावचे दातच असे. मी सेवा केंद्रात बसते, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचे फॉर्म, दिवसभर लोकांशी बोलणं, आणि बोलताना हात तोंडावर जायचा. पगारातून पैसे जमवले तेव्हा कुठं तारा लावायचं ठरवलं.

सावंगीच्या डेंटल कॉलेजला गेली, वर्ध्याच्या बाजूला आहे ते. तिथं ज्या मॅडमकडे माझी केस आली त्यांनी तोंडात आरसा घालायच्या आधीच विचारलं, गाव कोणतं, लहानपणी पाणी कशाचं प्यायची. मी म्हटलं बोअरचं, हातपंप आहे. मग त्यांनी दात पाहिले आणि म्हणाल्या की हे डाग चहाचेही नाहीत आणि न घासल्याचेही नाहीत, हा फ्लोरोसिस आहे. आमच्या यवतमाळ-चंद्रपूर भागात कितीतरी गावांत खडकातलं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागं १ मिलिग्रॅमपर्यंत चालते, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत, त्याच्यावर गेलं आणि लेकरू लहान असलं की दात हिरडीच्या आत बनून राहिले असतात तेव्हाच त्यांचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, नीट बनत नाही. साधारण आठ वर्षांपर्यंत हे होते. दात एकदा बनून बाहेर आला की मग पाण्यानं नवीन पट्टे पडत नाहीत, पण जे पडले ते दाताच्या आत असतात. मला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि खरं सांगते, बाहेर बाकड्यावर बसून मी रडली, कारण शाळेत सरांनी दात घासत नाही म्हणून कितीदा उभं केलं होतं.

तर त्याच दिवशी मी विचारलं की मग आधी दात पांढरे करून द्या आणि मग तारा लावा, एवढे पैसे लावून राहिली तर सगळंच होऊन जाऊ द्या. मॅडमनं नाही म्हटलं. कारण असं, की व्हाईटनिंगच्या जेलमध्ये पेरॉक्साइड असते, ते दातात शिरून ऑक्सिजन सोडते आणि त्या ऑक्सिजननं रंगाचे कण तुटतात, पण तो ऑक्सिजन काही दिवस इनॅमलमध्ये राहते, आणि तो असेपर्यंत ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायला प्रत्येक दातावर लावतात ते छोटे तुकडे, चिकटवायचा गम पूर्ण घट्ट होत नाही, ओल्या भिंतीला रंग दिला तर पोपडे सुटतात तसं. म्हणून ज्याला आधी व्हाईटनिंग करायचंच आहे त्यानं ते झाल्यावर कमीत कमी दोन आठवडे थांबून मग तारा लावायच्या. चांगल्या इनॅमलवाल्याला ते जमून जाते. पण फ्लोरोसिसच्या दातावर वरचा थर ऍसिडला लवकर दाद देत नाही, ब्रॅकेट चिकटवायच्या आधी जे फॉस्फोरिक ऍसिड लावतात ते माझ्या दातांवर जास्त वेळ ठेवावं लागलं, आणि तरी ब्रॅकेट सुटायचे. त्यात अजून पेरॉक्साइड कशाला. आणि दुसरं म्हणजे वर्ष-दीड वर्ष, दोन वर्षं तारा राहणार, तेवढ्या काळात चहा आणि हळद आपलं काम करणारच, म्हणजे आधी केलेला पैसा वाया.

ब्रॅकेट सुटायचं खूप झालं माझं. प्रत्येक वेळी एसटी, दिवसभराची सुट्टी, सेवा केंद्राला कुलूप. काय खायचं नाही ते मग आपोआप शिकली. हुरड्याच्या दिवसात कणीस दातानं नाही सोलायचं, हातावर चोळून दाणे काढून मागच्या दातानं हळूहळू खायचे. फुटाणे बंद, ऊस बंद, रोडगे खायचे तर वरणात भिजवून. आणि पोट्ट्यांनो, तुमच्यासाठी खास लिहून राहिली, खर्रा. आमच्या इकडे तारा लावलेले पोट्टे पण खर्रा घोटतात मी पाहिलं आहे. सुपारीनं ब्रॅकेट तुटते, तंबाखू-चुन्याचा थर ताराच्या खाली बसते, आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती तर आहेच. खर्रा सुटला नाही तोपर्यंत व्हाईटनिंगचा विचार करू नका, दोन-तीन महिन्यांत पहिल्यासारखे होतील दात.

आता मधला काळ, म्हणजे तारा असताना. हाच सगळे विचारतात. ब्रॅकेटवर तार धरायला जे छोटे रबर असतात ते मी पहिल्या वेळी पारदर्शक घेतले, दिसायला नको म्हणून, आणि घरी येऊन एक वांग्याची भाजी खाल्ली तर सगळे पिवळे. त्यानं दात अजूनच पिवळे वाटतात. मग राखाडी घेतले, नंतर निळे, हळद त्यावर तेवढी दिसत नाही. ही गोष्ट लहान आहे पण महिनाभर रोज आरशात पाहायचं असते म्हणून सांगते.

नागपूरची वहिनी आली तेव्हा तिनं व्हाईटनिंगच्या पट्ट्या आणल्या, चांगल्या मनानं आणल्या, ऑनलाइन मागवून. पण पट्टी सपाट दातावर चिकटायला बनवलेली असते, ब्रॅकेटवरून ती बसतच नाही, जेल हिरडीवर पसरते. मी वापरायच्या आधी मॅडमला फोटो पाठवला. त्यांनी नाही म्हणून सांगितलं आणि कारणही नीट सांगितलं, जे मला आवडते त्यांचं. सगळीकडं असं म्हणतात की तारा असताना व्हाईटनिंग केलं तर ब्रॅकेटच्या खाली पिवळा चौकोन राहते. मॅडम म्हणाल्या की हे भेव अगदी खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही, काही अभ्यासांत असं दिसलं आहे की पेरॉक्साइड दातात आडवं पसरते आणि ब्रॅकेटखालचा रंगही बदलते. पण चौकोन राहील की नाही हे तारा निघेपर्यंत पाहता येत नाही, जेल टाकून घालायचा दातांच्या मापाचा साचा, म्हणजे ट्रे, ब्रॅकेटवर बनत नाही, तारा असताना हिरड्या बहुतेकांच्या सुजलेल्याच असतात आणि त्यावर पेरॉक्साइड गेलं की जळते, आणि दात आधीच सरकून राहिले म्हणून दुखत असतात, त्यात ठणक अजून वाढवायची कशाला. हे ऐकून मला पटलं. भीती दाखवून सांगितलं असतं तर कदाचित नसतं पटलं.

कोळशाची काळी पेस्ट आणि पावडर पण मिळते आठवडी बाजारात आता. आमची मोठी आई तर अजून राखुंडीनं घासते. ती खरबरीत असते, वरचा डाग घासून काढते पण सोबत इनॅमल पण झिजवते, आणि ब्रॅकेटच्या कडेला जिथं खरी घाण अडकते तिथं ब्रश पोचतच नाही तर पावडर काय करणार. त्याच्यापेक्षा दोन ब्रॅकेटच्या मधून जाणारा बारीक ब्रश येते तो घ्या, साधी फ्लोराइडची पेस्ट घ्या.

इथं मी अडली होती. पाण्यातल्या फ्लोराइडनं माझे दात असे झाले आणि आता मॅडम म्हणतात फ्लोराइडची पेस्ट वापर! घरी बाबा तर चिडलेच, म्हणे "त्यानंच तर वाटोळं केलं ना व, मंग तेच कायले लावतं?" मी परत गेली तेव्हा मॅडमला विचारलं. त्यांनी सांगितलं की फ्लोरोसिस पोटातून होते, गिळलेल्या फ्लोराइडनं, दात बनत असताना. मोठ्या माणसाचे दात बनून झाले, पेस्ट लावून थुंकून द्यायची, ती वरून इनॅमलला मजबूत करते आणि तारांच्या भोवती जे खडूसारखे पांढरे डाग पडतात ते अडवते. लहान लेकराला मात्र तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्यायची आणि गिळू द्यायची नाही, आमच्यासारख्या गावात तर जास्तच लक्ष ठेवायचं. बाबांना हे सांगितलं तर ते गप्प ऐकत होते, मग म्हणाले "हे आमाले कोनं सांगतलंच नाई कधी."

तारा निघाल्या तो दिवस. चिमट्यानं ब्रॅकेट काढतात, कट कट आवाज येते, दुखत नाही फार. मग दातावर राहिलेला गम मशीननं घासून काढतात आणि पॉलिश करतात. जीभ फिरवली तर दात इतके गुळगुळीत की आपले वाटतच नव्हते. मॅडमनं आरसा दिला आणि दात मला एकदम पांढरे वाटले, मी म्हटलं मॅडम आता व्हाईटनिंगची गरजच नाही. त्यांनी सांगितलं की तोंड एवढा वेळ उघडं आहे, हवा मारली आहे, दात सुकलेत म्हणून पांढरे वाटून राहिले, लाळेनं ओले झाले की खरा रंग येईल. तसंच झालं, संध्याकाळी घरी आरशात पाहिलं तर वेगळंच चित्र. म्हणूनच त्या दिवशी दातांचा शेडही ठरवत नाहीत.

घरच्या आरशात काय दिसलं ते नीट सांगते, कारण सगळा निर्णय त्याच्यावरच होता. एक म्हणजे ब्रॅकेट होतं तिथं थोडा उजळ भाग, कारण तिथं चहा पोचलाच नव्हता, आणि त्याच्या भोवती पिवळसर. दुसरं म्हणजे हिरडीच्या जवळ, ब्रॅकेटच्या कडेनं, खडूसारखे पांढरे कंगोरे, हे घाण साचून इनॅमलमधलं कॅल्शियम निघून गेल्यानं होते. आणि तिसरं म्हणजे माझे जुने फ्लोरोसिसचे पट्टे, पांढरे आणि तपकिरी, ते जिथल्या तिथं. मॅडमनं ओळखायचं कसं ते शिकवलं. फ्लोरोसिस डाव्या-उजव्या दोन्ही बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखाच असते, आडव्या रेघांनी. ताराचे पांढरे डाग ब्रॅकेटच्या आकाराभोवती आणि हिरडीकडं असतात, तारा लावायच्या आधीच्या फोटोत ते नसतात. चहाचा डाग वर बसलेला असते, साफसफाईनं निघते.

या तिन्हीला एकच औषध नाही. पेरॉक्साइड दात उजळ करते, पण पांढऱ्या डागाचं कॅल्शियम परत आणत नाही, उलट सुरुवातीला ते डाग अजून उठून दिसू शकतात. तपकिरी पट्टा फिका होईल पण पूर्ण जाईल असं नाही. आणि मॅडमनं सांगितलं की तारा निघाल्यावरचे पहिले महिने हे त्या पांढऱ्या डागांचे असतात. घाण साचायची जागा गेली, ब्रश सगळीकडं पोचून राहिला, लाळेतलं कॅल्शियम आणि पेस्टमधलं फ्लोराइड हळूहळू परत आत जाते, बरेच डाग आपोआप फिके होतात. ते किती फिके झाले हे पाहिल्याशिवाय पुढचं काही ठरवूच नये. हिरड्या पण सुजलेल्या होत्या माझ्या, ब्रश लागला की रक्त, त्या बसायला पाहिजेत. हिरडी खाली बसली की तिच्या खालचा दाताचा भाग उघडा पडते, आधीच व्हाईटनिंग केलं असतं तर तो पट्टा वेगळ्या रंगाचा राहिला असता.

आणि रिटेनर. हे पोरी विसरतात. तारा निघाल्या की दात परत जुन्या जागी पळायला पाहतात, म्हणून पहिले कितीतरी महिने पारदर्शक रिटेनर जेवण सोडून दिवसभर घालायचा. व्हाईटनिंगचा ट्रे पण रात्री घालायचा असते. दोन्ही एकाच वेळी तोंडात बसत नाहीत. दात अजून पक्के बसले नसताना ट्रेसाठी रिटेनर बाजूला ठेवला तर दोन वर्षांची मेहनत सरकते. काही काही वेळा रिटेनरमध्येच जेल टाकायला सांगतात, पण ते रिटेनर कसा बनवला आहे ते पाहून डॉक्टरनंच सांगायचं.

मी विचारलं मग थांबायचं किती. मॅडम म्हणाल्या हिरड्या चांगल्या आहेत, डाग नाहीत, त्याला चार-सहा आठवड्यांनी पण करून देतात. तुझे पांढरे डाग आहेत, फ्लोरोसिस आहे, तू सहा महिने धर.

सहा महिने ऐकून घरी काय झालं असेल ते आमच्या इकडच्यांना सांगायला नको. त्याच उन्हाळ्यात मला पाहायला पाहुणे येणार होते. तालुक्याच्या गावाला एका ठिकाणी एका तासात दात पांढरे करून देतो म्हणून बोर्ड लागला होता. मोठी आई माझ्या पायाशी येऊन बसली, म्हणे, "पोरी, तारा काढल्या, दात सरके झाले, आता एवढ्यासाठी कायले राहू देतं? लोकं तोंडच पाह्यतात व." मी म्हटलं, "मोठी आई, एका तासात जे करतात ते लय कडक औषध असते, ३५-४० टक्क्यांचं. माह्या हिरड्यातून अजून रक्त येते. पाहुणे येतीन तं येऊ दे, दात तं मलेच जन्मभर वापरायचे हायेत." ती माझ्याकडं पाहत राहिली, मग म्हणे "हाव, हे खरं हाय." पाहुणे आले, गेले, तिथं जमलं नाही, आणि त्याचं कारण दात नव्हते. मोठी आईनं नंतर पुन्हा कधी विषय काढला नाही, उलट माझ्यासाठी वेगळं बिनहळदीचं वरण तीच करायची, ते पुढं येते.

थांबायच्या काळात रिकामं बसायचं नव्हतं. दातांची साफसफाई, स्केलिंग, करून घेतली, आणि त्यानंच ताराभोवतीचा पिवळा घेर जवळपास गेला. हे सगळ्यांना सांगते, आधी स्केलिंग करा, स्वस्तात होते, कितीतरी जणांना त्याच्यापुढं काही लागतच नाही. रोज दोनदा फ्लोराइड पेस्ट. मॅडमनं दुधातल्या केसीनपासून बनलेली एक क्रीम दिली होती, ती रात्री दातावर लावून ठेवायची, दुधाची ऍलर्जी असणाऱ्यानं ती घ्यायची नाही. संत्री आमच्या घरी बगिच्यातून येतात मामाकडून, ती खाल्ली की लगेच ब्रश करायचा नाही, आंबटानं इनॅमल थोडा वेळ नरम राहते, चूळ भरायची आणि अर्ध्या तासानं घासायचं.

उन्हाळ्यात न करायचं अजून एक कारण निघालं जे कोणत्याच माहितीत मला सापडलं नव्हतं. पेरॉक्साइडचं जेल गरमीत खराब होते, त्याचा जोर निघून जाते, ते थंड जागी ठेवावं लागते. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर, दुपारी लाइट जाते, फ्रिज असून नसल्यागत. ऑनलाइन मागवलेलं तर कुरिअरच्या गाडीत किती दिवस तापलं असेल कोण जाणे. मॅडमनं स्वतः सांगितलं की दिवाळी होऊ दे, कापूस वेचायच्या दिवसात कर, आणि जेल इथूनच घेऊन जा.

दिवाळीनंतर गेली तेव्हा फोटो जुन्या फोटोशेजारी ठेवून पाहिले. पांढरे कंगोरे बरेच विरले होते, दोन-तीन दातांवर थोडे राहिले होते. हिरड्या गुलाबी, रक्त बंद. मग समोरच्या दातांवरच्या तपकिरी पट्ट्यांसाठी आधी मायक्रोअब्रेजन केलं. त्यात हिरड्या रबराच्या चादरीनं झाकतात आणि ऍसिड मिसळलेल्या बारीक खरबरीत लेपानं वरचा अगदी पातळ थर घासतात. आवाजाशिवाय काही त्रास नाही. तपकिरी रंग खूप उतरला त्यानं, पूर्ण नाही. त्यानंतर काही दिवस थांबवून मग ट्रे.

ट्रेसाठी दातांचं माप घेतात. ते माप घट्ट होईपर्यंत मॅडमनं एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. हे घरी करायचं व्हाईटनिंग सापडलंच मुळी तारावाल्यांमधून. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत अर्कान्सास राज्यात बिल क्लुस्मायर नावाचे तारा लावणारे डॉक्टर होते, त्यांनी हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून एका पेशंटला दातांच्या साच्यात कार्बामाइड पेरॉक्साइडचं औषध टाकून रात्री घालायला सांगितलं, आणि हिरड्या तर सुधारल्याच पण दातही उजळले. पुढं १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दोघांनी ही पद्धत लिहून छापली आणि मग जगभर गेली. आजही तेच १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, ज्यातून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. मलाही तेच दिलं.

वापरायचं असं की प्रत्येक दाताच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढा थेंब, जास्त नाही, हिरडीवर आलेलं कापसानं पुसून घ्यायचं, रात्री घालून झोपायचं, सकाळी धुऊन ठेवायचं. माझ्या बाबतीत तोपर्यंत रिटेनर फक्त रात्रीचा झाला होता, म्हणून तेवढे दिवस मॅडमनं रिटेनर दिवसा घालायला लावला आणि ट्रे रात्री. पहिल्या काही दिवसांत घाबरायला झालं कारण पांढरे ठिपके अजून पांढरे दिसायला लागले, दात कबरे वाटत होते. पण हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी सोडलं नाही, पुढं बाकीचा दात पण वर आला आणि फरक कमी झाला. थंडीचे दिवस, माठातलं पाणी दाताला लागलं की झिणझिणी जायची डोक्यात. पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट वापरली आणि जास्त लागलं तर एक रात्र ट्रे घालायचा नाही, एवढं केलं की सहन होते.

तेवढे दिवस हळद, चहा, काळा मसाला टाळायचा. आमच्या घरात हळद नाही म्हणजे कोणी आजारी आहे असं शेजारी विचारतात. मोठी आईनं माझ्यासाठी जिऱ्याचं पांढरं वरण, ताकाची कढी बिनहळदीची, ज्वारीची भाकर, असं वेगळं ताट केलं रोज. सावजी मटणाचा रविवार पण मी दह्यावर काढला.

माझ्या एका दाताचा कोपरा लहानपणी तुटला होता, तिथं फिलिंग होतं. फिलिंगवर पेरॉक्साइडचा काही परिणाम होत नाही, दात उजळला आणि फिलिंग जुन्याच रंगाचं राहिलं. ते बदलायला पण परत दोन आठवडे थांबावं लागलं, तेच कारण, ऑक्सिजन. ज्यांना समोर फिलिंग किंवा कॅप आहे त्यांनी हा खर्च आधीच धरून चालावं. पोटुशी असली, लेकराला अंगावर पाजत असली तर हे सगळं पुढं ढकलावं असंही सांगतात.

आता माझे दात पांढरेशुभ्र नाहीत. जवळून पाहिलं तर ठिपके आहेत, ते फ्लोरोसिसचे, राहणारच. पण तपकिरी पट्टा गेला, दात सारखे दिसतात, आणि बोलताना हात वर जात नाही. मला एवढंच पाहिजे होतं.

आमच्या काकाची पोरगी दहावीला आहे, तिला तारा लागून आहेत आणि तिला आत्ताच पांढरे दात पाहिजे. तिला मी सरळ नाही म्हटलं आहे. युरोपात तर २०१२ पासून नियमच आहे की ०.१ टक्क्यापेक्षा जास्त पेरॉक्साइडचं व्हाईटनिंग १८ वर्षांखाली करायचंच नाही. या वयात दाताच्या आतली नस मोठी असते, ठणक जास्त लागते. तिचा लहान भाऊ पाच वर्षांचा आहे, त्याच्यासाठी मात्र घाई पाहिजे, त्याचे पक्के दात आत्ता बनून राहिले आहेत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून मी आमच्या हातपंपाचं पाणी तपासायला पाठवलं, फ्लोराइड जास्तच निघालं, आता काकूकडं प्यायला आणि स्वयंपाकाला नळाचं पाणी वेगळं भरून ठेवतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, हे मी घरोघरी सांगून राहिली आहे, कारण बऱ्याच बायांना वाटते उकळलं की झालं.

काकाच्या पोरीच्या तारा बोर्डाची परीक्षा झाल्यावर निघतील. तिच्यासोबत मीच जाणार आहे, तारा काढायच्या आधीचे आणि काढल्यानंतरचे फोटो नीट काढून घ्यायला सांगणार आहे, कारण पांढरे डाग कमी होऊन राहिले की नाही हे आठवणीवर कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले तरच कळते.